व्हॅनिलाच्या वासाचा पंचनामा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिला राग माझा मलाच येतो. बाकीच्यांची पाळी नंतर. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणींत साहेब पहिल्या पानावरच गुन्हेगार ओळखतात आणि पुढची पानं वाचकाला ताटकळत ठेवण्यापुरती असतात. माझं तसं झालं नाही. मी पहिल्या तासाभरातच चूक करून ती शिक्क्यासकट कागदावर उतरवली होती.

नावं घेणार नाही, माणसांचीही नाही आणि कंपनीचंही नाही. कंपनी सिल्वासाहून गलोंड्याकडे जाताना लागायची, एवढं पुरे. तिथे व्हॅनिलिनची पूड मिसळून पिशव्यांत भरत. व्हॅनिलाच्या शेंगेत हे द्रव्य निसर्गतःच असतं. बिस्किट, केक, आइस्क्रीम यांचा आपण ज्याला गोड वास म्हणतो, तो बहुतेक याचाच. शेंगा महाग पडतात, म्हणून तयार केलेली पूड ड्रमांनी येते. दुधात चिमूटभर पडली तर मुलं ग्लास चाटतात. त्या शेडमध्ये तासभर उभं राहिलं तर दुपारचं जेवण जात नाही.

त्या सकाळी पावणेसातला ठाण्यात फोन आला. कंपनीचा पर्सोनेल मॅनेजर स्वतः बोलत होता. आमचा एक कामगार रस्त्यात पडलेला दिसतोय, बहुतेक गाडीने उडवलं, असं त्याने सांगितलं. मॅनेजर मंडळी सकाळी पावणेसातला स्वतः फोन करत नाहीत, दुसऱ्याला करायला लावतात. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. थंडीचे दिवस होते, मी मफलर गुंडाळला आणि हवालदाराला घेऊन निघालो.

कंपनीपासून थोड्या अंतरावर, आडरस्त्याच्या कडेला तो पडला होता. पस्तिशीचा, खानदेशातून आलेला, मिक्सिंग विभागात रात्रपाळीला. अंगावर घरचे कपडे, शेजारी आडवी मोटारसायकल, डोक्याला जखम, आणि शर्टाला दारूचा भपकारा. मॅनेजर कोट घालून उभा होता.

"सहाला पाळी सुटली, सर. कार्ड पंच करून, आंघोळ करून गेला. आम्ही समजावतो हो या लोकांना. पण पगार झाला की... व्हेरी अनफॉर्च्युनेट."

आमच्या केंद्रशासित प्रदेशात दारूबंदी नाही, शेजारच्या गुजरातेत आहे. त्यामुळे सिल्वासाच्या रस्त्यावर मेलेला माणूस आधी दारुडा ठरतो आणि तसा नव्हता हे नंतर त्यालाच सिद्ध करावं लागतं. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि पंचनामा लिहिला: 'मृताच्या अंगास मद्याचा उग्र वास. मद्यप्राशन करून वाहन चालवीत असता अज्ञात वाहनाची धडक बसली असावी.' पंच म्हणून मॅनेजरने तत्परतेने दोन माणसं पुढे केली. कंपनीचेच वॉचमन. मी घेतले.

हवालदार मृताचं तोंड नीट करायला वाकला आणि म्हणाला, "साहेब, जबडा कडक थई गयो छे." हवालदार गुजराती होता, घाईत असला की त्याची मराठी पळून जायची. माणूस सव्वासहाला मेला असेल, तर सातला जबडा ताठरायला नको. हे मला शिकवलेलं होतं, मी स्वतः नव्या भरतीला शिकवत असे. पण मी म्हणालो, "थंडी आहे." व्हॅनिलाचा वासही मला आला होता. पण त्या रस्त्यावर वडाच्या पारंब्यांनाही तो वास येतो. मी तो हवेच्या नावावर टाकला.

दहाच्या सुमारास सरकारी रुग्णालयात त्याची बायको आली. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, तिच्या छातीत घरघर चाललेली. बाई रडत नव्हती. ओळख पटवायला तिला आत नेलं. ती वाकली, नवऱ्याच्या कानामागे नाक नेलं आणि तिथेच थांबली. मग सरळ होऊन माझ्याकडे वळली.

"त्यासनी आंग धुयेल नही शे, सायब."

नवऱ्याने आंघोळ केलेली नाही, असं ती म्हणत होती. मला वाटलं, धक्क्याने बोलतेय. मी म्हणालो, "ताई, दारूचा वास आहे तो."

"दारू कपडासवर शे. आंगले पावडरना वास शे." तिने मुलीकडे बोट केलं. "पोरले दमा शे. मना मालक आंग धुवाबिगर कधी घर उनात नही. आनि दारू त्या पेतच नव्हतात. तुमी काय लिखं?"

नवरा आंघोळीशिवाय कधी घरी आला नाही आणि पीतही नव्हता, हे तिने सांगितलं, पण तिचा सगळा मामला त्या शेवटच्या प्रश्नात होता. मी काय लिहिलं. पोरीचा बाप काम करता करता मेला की पिऊन रस्त्यात पडला, हे त्या घरात पुढची तीस-चाळीस वर्षं माझ्या कागदावरून ठरणार होतं. खाली वाकून मीही वास घेतला. त्या रस्त्यापासून दूर, फिनाइलने पुसलेल्या त्या खोलीत शंका उरली नाही. कानाच्या पाळीमागे, केसांच्या मुळाशी पांढरट पूड बसलेली होती. चेहरा, हात आणि मान मात्र स्वच्छ. कुणीतरी पुसल्यासारखे.

मी डॉक्टरांना व्हिसेरा आणि रक्त राखून ठेवायला सांगितलं. शवविच्छेदन झाल्यावर त्यांनी बाहेर येऊन तीन गोष्टी सांगितल्या. मृत्यू पहाटे चारच्या आसपासचा आहे. जखम फारशी वाहिलेली नाही, ती पडताना झाली असेल, पण मरण तिने आलेलं नाही. आणि जठरात दारूचा वास नाही.

"मग मेला कशाने?"

"शरीर नुसतं प्राणवायू संपल्यासारखं दिसतंय. पण गळा दाबलेला नाही, पाण्यात बुडालेला नाही. माणूस कुठे होता ते तुम्ही शोधा, म्हणजे मी कारण सांगतो."

दुपारी मी साध्या कपड्यांत कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो. मालकीणबाई तलासरीकडच्या, साठीच्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. मी पोलीस आहे हे त्यांनी माझ्या बुटांवरून ओळखलं.

"बूट घरी ठेवायचे नं, साहेब. चहा फुकट नाय मिळनार."

मी पैसे आधी ठेवले, मग विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलेलं नव्हतं. शेडमध्ये काम करणाऱ्यांना काही महिन्यांतच तो वास येईनासा होतो. नाक बसतं. स्वतःच्या अंगाला वास आहे की गेला, हे त्यांना कळत नाही. शेअर रिक्षात लोक नाक मुरडतात, 'केक आला, केक आला' म्हणून चिडवतात, घरात बायकामुलांचं डोकं चढतं. म्हणून पाळी सुटली की कंपनीच्या नळावर बेसन नि लिंबू लावून आंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि फाटकाबाहेर येऊन मावशींपुढे मान वाकवायची. मावशी हुंगतात. वास असला तर परत नळावर पाठवतात.

"मी पास केल्याशिवाय यातला एक पन घरी जात नाय. जावईबापूंना बी मी इतकं हुंगलं नसंल कधी."

"आज सकाळी तो आला होता?"

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. "नाय आला. साडेपाचला टपरी उघडली मी. सगले आले, मान दाखवून गेले. कोन बोलला नाय, कोन हसला नाय. मी विचारलं, भाऊ कुठं हाय? तर खाली बघून निघून गेले. तो तर दोनदा मान दाखवायचा, पोरीसाठी. बोलायचा, मावशी, नीट बघ, माझी पोर रातभर खोकते."

म्हणजे कार्ड पंच झालं होतं, माणूस फाटकातून बाहेर आलाच नव्हता. कार्ड काय, कुणीही पंच करतं.

त्याच दिवशी चार वाजता कंपनीत शोकसभा होती. मॅनेजरने मला आग्रहाने बोलावलं होतं. माझी त्या कंपनीशी आधीची ओळख होती. मागच्याच सुरक्षा सप्ताहाला मी तिथे प्रमुख पाहुणा होतो. शाल, नारळ आणि व्हॅनिला बिस्किटांचा पुडा घेऊन मी 'सुरक्षितता ही सवय झाली पाहिजे' असं काहीतरी बोललो होतो. शेडच्या आत मात्र मला कुणी नेलं नाही आणि मीही कुठे विचारलं.

शोकसभेला मृताचा फोटो मोठा करून लावला होता, हार होता, फ्लेक्सही होता. दुपारपर्यंत फ्लेक्स छापून येतो, ही या देशातली एकमेव सेवा आहे जी कधी रखडत नाही. मॅनेजरने 'आपल्या कुटुंबातला सदस्य' हे शब्द चार वेळा वापरले आणि व्यसनमुक्तीचं शिबिर जाहीर केलं. फोटोच्या बाजूला हिरवा फलक होता: 'अपघातविरहित दिवस'. त्यावरचा तीन आकडी अंक त्या दिवशी सकाळी एकाने वाढवलेला होता. खडू ओला करून, ठळक. मी दोन मिनिटं उभा राहिलो ते श्रद्धांजलीसाठी नव्हे. माझा हात त्या फलकाकडे जाऊ नये म्हणून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला रात्रपाळीच्या इनचार्जला जबाबासाठी बोलावलं. नाशिककडचा इंजिनियर, तिशीतला, नीटनेटका. तो आत आला तशी दारातली महिला शिपाई म्हणाली, "कुणाचा वाढदिवस आहे? केकचा वास येतोय." तो गोंधळून मागे बघू लागला. वास त्याच्याच अंगाला येत होता, आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

मारहाण केली की माणूस कबूल होतो, खरं सांगत नाही. म्हणून मी त्या वाटेला कधी गेलो नाही. मी चहा मागवला. तासभर त्याने पाठ केलेलं सांगितलं. सहाला पाळी सुटली, पंच, आंघोळ, गेला. कपडे कोणते, नळावर अजून कोण होतं, सगळं बिनचूक. खरं सांगणारा माणूस मध्ये कुठेतरी अडखळतो. हा एकदाही अडखळला नाही.

मग मी ड्रॉवरमधून दोन वाट्या काढल्या. दोन्हींत कापसाचा बोळा. एक साध्या पाण्यात भिजवलेला, दुसऱ्यावर किराणा दुकानातल्या व्हॅनिला इसेन्सची अर्धी बाटली ओतलेली. महिला शिपाई दारातून म्हणाली, "साहेब, डोकं दुखायला लागलं माझं."

"कशात काय आहे, सांगा," मी त्याला म्हणालो.

त्याने दोन्ही हुंगले. परत हुंगले. "दोन्ही पाणी आहे ना, साहेब?"

मी वाट्या दाराकडे सरकवल्या. महिला शिपाईने न बघताही बरोबर वाटी उचलली. त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्हाला तो वास येतच नाही," मी म्हणालो. "मग पुसल्यावर त्याच्या अंगाचा वास गेला, हे कुणी ठरवलं?"

"आम्ही दोनदा पुसला, साहेब. ओल्या फडक्याने..."

एवढं बोलून तो थांबला. बाहेर वायरलेसवर कुणीतरी खानवेलच्या बंदोबस्ताला पाणी मागत होतं. इंजिनियरने चहाचा कप बशीत ठेवला.

पुढचं त्याने न विचारता सांगितलं. मिश्रणाचं मोठं बंद भांडं असतं. पूड पेटू नये म्हणून त्यात नायट्रोजन सोडतात. तोही निसर्गतःच हवेत असतो, पण बंद भांड्यात तो प्राणवायूची जागा घेतो, आणि त्याला वास नसतो, रंग नसतो. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. कामगारांनी दोनदा सांगितलं होतं. परदेशी खरेदीदारांची माणसं पुढच्या आठवड्यात कारखाना बघायला यायची होती, भांडं चकचकीत हवं होतं. तळाशी चिकटलेली पूड खरवडायला त्याला आत उतरवलं. हवा तपासली नाही. कमरेला दोर नाही, वर माणूस उभा नाही. बोलावल्यावर उत्तर येईना, तेव्हा वाकून बघितलं.

"बाहेर काढला तेव्हा श्वास होता?"

त्याने कप बाजूला सरकवला.

"मी विचारतोय, श्वास होता का?"

"माहीत नाही, साहेब. बघितलं नाही. मॅनेजर साहेबांना फोन लावला."

"अँब्युलन्सला?"

"साहेब म्हणाले, मी येईपर्यंत काही करू नका."

मॅनेजर यायला चाळीस मिनिटं लागली. या चाळीस मिनिटांबद्दल मी आजवर शांतपणे बोलू शकलेलो नाही, आजही बोलणार नाही. माणूस शेडच्या फरशीवर पडला होता आणि तीन जण मोबाईल हातात धरून फाटकाकडे बघत उभे होते. त्यातला एकही वाईट नव्हता. शोकसभेत तिघंही खरंच रडले. त्यांना एवढंच सांगायला कुणी नव्हतं की नोकरी गेली तर दुसरी मिळते. आणि मॅनेजर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं? इनचार्जने तेही सांगितलं. त्याने विचारलं, "याचे घरचे कपडे कुठे आहेत?"

कामाचे कपडे कात्रीने कापून काढले. पुसून घरचे कपडे चढवले. तिघांनी हुंगून बघितलं, मॅनेजरनेही, जो दहा वर्षं त्याच आवारात बसत होता. कुणालाच वास आला नाही. म्हणून सगळ्यांना वाटलं, धुतल्यासारखा झाला. पहाटे मालाच्या फाटकातून टेम्पोने त्याला मोटारसायकलसकट बाहेर नेलं आणि वर दारू शिंपडली.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, कपड्यांना असते. मी त्याच्याकडून एवढंच काढलं की कापलेले कपडे कुठे आहेत. त्याच दुपारी बाहेरचे पंच घेऊन कंपनीत गेलो. एक गलोंड्याचा शिक्षक, एक दूधवाला, दोघंही त्या कंपनीचा पगार न खाणारे. खराब पुडीच्या एका ड्रममध्ये तळाशी कामाचा डगला निघाला, छातीपासून खालपर्यंत कापलेला, खिशात मुलीच्या औषधाची चिठ्ठी. मॅनेजर म्हणाला, "सर, आपण बसून बोलू या." मी हवालदाराला त्याच्यासाठी जीपचं मागचं दार उघडायला सांगितलं. हिरवा फलक जप्तीत घेण्याचं काही कायदेशीर कारण नव्हतं. मी तरी घेतला.

गुन्हा नोंदला, आरोपपत्र गेलं. प्रयोगशाळेचा अहवाल कित्येक महिन्यांनी आला: रक्तात मद्य नाही. खटला अजून तारखांवर आहे. मॅनेजर जामिनावर आहे आणि दुसऱ्या एका कंपनीत त्याहून मोठ्या खुर्चीवर आहे. मी निवृत्त झाल्यावर साक्षीला गेलो, तेव्हा बचावाच्या वकिलांनी माझा पहिला पंचनामा बाहेर काढला.

"हे अक्षर आपलंच ना? 'मद्याचा उग्र वास.' मग आपण तेव्हा खोटं लिहिलंत की आता बोलताय?"

"तेव्हा चुकीचं लिहिलं," मी म्हणालो. कोर्टात एवढं साधं वाक्य बोलायला मला पेन्शनीत यावं लागलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगायचं तर त्यात मोठेपणा काही नाही. शेडमधल्या लोकांचं नाक पुडीने बसलं होतं, आमचं पोलिसांचं खात्यातल्या वर्षांनी बसतं. दारूचा वास आला की आम्ही पुढचं हुंगत नाही. कोट घातलेला माणूस बोलला की आम्ही लिहून घेतो. शेडमधल्यांना आपलं नाक बसलंय हे ठाऊक होतं, म्हणून ते रोज बाहेरच्या बाईपुढे मान वाकवत. आम्हाला ते ठाऊकच नसतं. त्यानंतर मी कंपनीने पुढे केलेला पंच कधी घेतला नाही, आणि मृताच्या बायकोचं म्हणणं लिहिल्याशिवाय पंचनाम्याखाली सही केली नाही. हे नियमात आधीपासून असायला हवं होतं.

दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा निकाल मात्र खटल्याआधी लागला. त्याची प्रत घ्यायला बाई गावाहून एसटीने आली होती. मी मामलतदार कचेरीच्या व्हरांड्यात तिला भेटलो. निकाल इंग्रजीत होता. आमच्याकडे माणूस एका भाषेत रडतो, जबाब दुसऱ्या भाषेत होतो आणि निकाल तिसऱ्या भाषेत लागतो. तिने मला दोनच गोष्टी विचारल्या: कुठे मेले म्हणून लिहिलंय, आणि दारूचं काय लिहिलंय. मी सांगितलं. ती म्हणाली, मराठीत लिहून द्या, पोरगी वाचते आता.

मी कोरा कागद घेतला आणि लिहू लागलो. तिने मध्येच थांबवलं.

"तुमी पहिले जे लिखं व्हतं, ते कोठे शे?"

"फाइलमध्ये आहे, ताई. सरकारी कागद आहे तो. खोडता येत नाही."

"मंग हाई बी खोडता येनार नही आसं लिखा."

शिक्का माझ्याकडे उरला नव्हता. मी पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, पुढे 'निवृत्त' लिहिलं, सही केली. मजकूर दोन ओळींचा होता: हा माणूस कारखान्यात काम करताना मेला. तो दारू प्यायलेला नव्हता. कागद तिच्यापुढे धरला, तर तिने घेतला नाही. व्हरांड्यात दाखल्यांसाठी दहा-बारा माणसं बाकावर बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "जोरमा वाचा, सायब."

मी उभा राहिलो आणि जोराने वाचला.